बसल्या माणसाचं माप

माझा धंदा मापाचा. मूर्तिजापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, मी चालवतो. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याचा कोणता खांदा उतरता आहे आणि पोट शर्टाची कितवी गुंडी ओढणार आहे, हे गळ्यातला टेप काढायच्या आधीच ध्यानात येतं. आणि नाद म्हणाल तर मासे धरायचा. तो आजोळचा. पूर्णेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या मामांच्या मागं मागं फिरून लागला तो लागलाच. बायको म्हणते, दुकानात सुई आणि बाहेर गळ, तुमच्या हातची टोकदार वस्तू काही सुटत नाही.

आजवरचा हा सगळा नाद काठावरचा. पाण्यात उतरवलं ते पुण्याच्या भाच्यानं. त्यानं हौसेनं घेतलेली हवेची कयाक त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत धूळ खात पडली होती. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, उथळ होडी. पाय पुढं पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं पाणी मारत जायचं. आवाज नाही, धूर नाही, हातभर पाण्यातसुद्धा चालते. गळवाल्याला आणखी काय हवं? दिवाळीला येताना भाच्यानं ती गाडीच्या डिकीत घालूनच आणली. "मामा, ही तुम्हाला. पण एक अट. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही." सोबतचं जॅकेट मात्र त्याच्या अंगाचं होतं, रोज व्यायामशाळेत जाणाऱ्या पोराचं. माझ्या पोटावर त्याची चेन मिळेना. म्हणून माझ्यासाठी नवं घ्यायचं ठरलं, आणि मापात आयुष्य घातलेल्या माणसाला माप पुन्हा शिकायची वेळ आली.

आमच्याकडच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. मूर्तिजापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. गोड पाण्याची मदार नदी आणि धरणांवर. तालुक्यात उमा प्रकल्प आहे, घुंगशीचं बॅरेज आहे, आणि तालुक्याबाहेर महानला काटेपूर्णेचं मोठं धरण. अकोल्याला पाणी पाजणाऱ्या त्या धरणाभोवती अभयारण्य आहे, तिथं मनाला आलं म्हणून होडी घालता येत नाही. धरणांतल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. संस्था रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडतात, त्यावर त्यांच्या सभासदांची घरं चालतात. तेव्हा मी उमा धरणावरच्या संस्थेच्या अध्यक्षांना विचारूनच उतरतो. गळाला लागलेला मासा संस्थेच्या काट्यावर तोलायचा, त्यांच्या भावानं पैसे द्यायचे आणि मगच घरी न्यायचा, असं आमचं ठरलेलं आहे.

त्या पाण्यावर माझ्या आधीपासून एकट्यानं बसायच्या होड्या फिरतात, फक्त त्यांना कुणी कयाक म्हणत नाही. भोई समाजातली माणसं ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवतात, तिच्यावर दोरीनं बैठक विणतात आणि मांडीवर जाळं घेऊन निघतात. कुणी थर्माकोलचे ठोकळे पोत्यात घालून तोंड शिवतो आणि त्यावर बसतो. माझी कयाक भाच्यानं ऑनलाइन मागवलेली, त्यांची ट्यूब पंक्चरच्या दुकानातली, पण बसणं तेच: बूड पाण्याच्या पातळीला आणि सगळं काम कमरेच्या वर. त्यामुळं जॅकेटचा विचार करताना मी त्यांच्याकडंच बघत होतो. त्यांच्यातल्या कुणाच्याही अंगावर जॅकेट नव्हतं.

पाण्याचं भय इथं नाही असं नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली. त्या दिवसांत आमच्याकडं दुकानादुकानांतून दुसरं बोलणं नव्हतं. अकोला जिल्ह्यात कुणी बुडालं की पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाला हाक जाते. गाडगेबाबांचं बालपण आमच्याच तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं, त्यामुळं हे नाव इथं घरचंच. पथकातली माणसं पट्टीची पोहणारी, तरी जॅकेटचे बंद आवळून उतरतात.

मी ट्यूबवाल्यांना विचारलं, तुम्ही का नाही घालत? पहिलं उत्तर ठरलेलं होतं: "पोहता येते ना आमाले." संस्थेतले सगळ्यांत वडीलधारे काका तिथंच जाळं सोडवत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "पोहनाराच बुडते रे बापा. ज्याले पोहता येत नाई तो पान्यात जातेच कायले?" मग हळूहळू खरी कारणं बाहेर आली. गरम होते. हाताले अडकते. गळ्याले लागते. बसलं की हनुवटीत घुसते. महाग आहे हे शेवटी कुणीतरी म्हणालं, तेही सहज. मी ऐकत राहिलो, कारण ही सगळी माझ्या दुकानातल्या ट्रायलच्या आरशासमोरची वाक्यं होती. काखेत काचणारा शर्ट माणूस खुंटीला टांगतो आणि दुसरा घालतो. हनुवटीत घुसणारं जॅकेट ट्यूबला टांगतो आणि तसाच पाण्यावर जातो. उलटल्यावर ते घालू म्हणाल तर घालता येत नाही. पाण्यात गटांगळ्या खाताना चेन लावून दाखवा. म्हणजे जॅकेटचा पहिला गुण तरंगणं नव्हे, अंगावर राहणं. आणि दिवसभर अंगावर काय राहतं, हे शिंप्याशिवाय कुणाला जास्त ठाऊक?

मग मी रीतसर अभ्यासाला लागलो. जॅकेटच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो: ५०, १००, १५०, २७५. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन पाण्यात तोलून धरायची ताकद. पन्नासचं जॅकेट पाच किलो तोलतं. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाला पाच किलोनं काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण माणूस पाण्यात बराचसा आपला आपणच तरंगतो. नाकतोंड वर राहायला मोठ्या माणसाला तीन ते साडेपाच किलोचा आधार पुरतो. चिठ्ठीतली दुसरी गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते. पन्नासचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी असतं. डोक्याला मार लागून शुद्ध गेली आणि माणूस पालथा पडला, तर ते त्याला उताणा करेल याचा भरवसा नाही. त्या कामाला शंभर किंवा वरचं लागतं. शंभरच्या जॅकेटात छातीवर जास्त फोम आणि मानेमागं कॉलर असते, ती बेशुद्धाचं तोंड आभाळाकडं फिरवते. पण तोच फोम आणि तीच कॉलर बसलेल्या माणसाला काही करू देत नाही. जास्त सुरक्षित जॅकेट जास्त अडचणीचं, आणि जास्त अडचणीचं जॅकेट लवकर अंगावरून उतरणार, असा हा पेच आहे.

माझ्यापुरता मी तो असा सोडवला: मला पोहता येतं, मी काठापासून फार लांब जात नाही, वारा सुटला की परत फिरतो आणि एकटा कधी उतरत नाही. या अटी पाळायच्या असतील तर पन्नासचं चालेल. पोहता न येणाऱ्यानं आणि लहान पोरांना नेणाऱ्यानं मात्र शंभरच्या खाली येऊ नये, मग हाताला कितीही अडको. पोरांचं जॅकेट वजनावर घ्यायचं असतं, मोठ्यांचं छातीच्या घेरावर. आणि पोराला वाढत्या अंगाचं म्हणून सैल घेण्याची आपली जी सवय आहे, ती शाळेच्या गणवेशापुरती ठेवावी. सैल जॅकेटातून पोरगं खालून निसटतं.

आत काय भरलंय हेही मी बघतो. गादी-उशांच्या मुलखातला माणूस मी. सगळ्यांत जुनी जॅकेटं बुचाची. इंग्लंडच्या लाइफबोट संस्थेतल्या कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जॅकेट काढलं. ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबी बंदरात बचावाला निघालेली होडी उलटली, तेरा जणांतला एकटा हेन्री फ्रीमन वाचला. तसलं नवं जॅकेट त्याच्या अंगावर होतं. पण बूच कडक, वाकायला तयार नाही. पुढं कपोक आला, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्याकडं उशीत भरतात तोच. आमच्या शेतातला कापूस पाणी पितो आणि बुडतो. सावरीचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असल्यानं पाण्याला आत घेत नाही. दोन्ही महायुद्धांत खलाशांच्या अंगावर तो होता. त्याची खोड अशी की दाबून दाबून बसला किंवा तेलकट झाला की त्याची ताकद जाते. आता असतो तो फोम. त्यातला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि कापड फाटलं तरी तो तरंगतच राहतो. बूच, कापूस, फोम या सगळ्या प्रवासात तरंगण्याची सोय पहिल्यापासून होती. जे हळूहळू सुधारत गेलं ते अंगाला बसणं.

ओळखीच्या एका माणसाकडून नेहमीचं नारिंगी जॅकेट मागून आणलं. पुढं दोन जाड पाट्या, मागं एक, मध्ये बंद. आरशासमोर उभं राहून घातलं तर बरं बसलं. मग कापडं बेतायच्या टेबलावर पाय पसरून बसलो आणि सगळा घोटाळा समोर आला. माणूस बसला की खांद्यापासून मांडीपर्यंतची लांबी कमी होते, पोट घडी घालून पुढं येतं. जॅकेटच्या पाट्या तेवढ्याच लांब राहतात. खालचं टोक मांडीवर टेकतं, वरचं हनुवटीला भिडतं आणि कॉलर मानेला पुढं ढकलते. नवरदेवाची शेरवानी उभ्यानं राजासारखी दिसते आणि पाटावर बसला की गळा कानाला लागतो, त्यातलाच प्रकार. आम्ही शिंपी माणसाला उभं करून मापतो, हात खाली सोडायला लावतो, श्वास साधा ठेवायला सांगतो. कयाकवाला बसलेला असतो, हात वर असतात आणि तो दमलेला असतो. त्याचं माप बसवूनच घ्यायला हवं.

माझ्या हाताला तेव्हा खाज सुटली होती, हे कबूल. पाट्या खालून चार बोटं कापायच्या, मुंढा आतून दोन बोटं खोल करायचा, कड पायपिंगनं दुमडायची, दुपारचं काम. एका मित्रानं तर कल्पनाच काढली की मास्तर, तुम्हीच शिवून विका. मी कात्री लावली नाही, आणि शिवूनही देणार नाही. चिठ्ठीवरचा आकडा त्या जॅकेटच्या फोमच्या मापावर तपासून दिलेला असतो. चार बोटं कापली की तो आकडा खोटा होतो. बंदाची टीप किती ओढ सहन करते, हेही तपासलेलं असतं. साध्या सुती दोऱ्यानं मी बंद शिवला तर दिसायला उत्तम दिसेल, पण ओल आणि उन्हात सुती दोरा कुजतो आणि नेमक्या झटक्याला उसवतो. शर्टाची टीप उसवली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं. जॅकेटची उसवली तर भांडायला कोण येणार? तेव्हा शिंप्याचं काम इथं शिवायचं नाही, निवडायचं.

निवडायला नागपूरला गेलो, खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात. टेप बरोबर नेला होता. छातीचा घेर मी नेहमी मासे धरायला घालतो तो शर्ट घालूनच घेतला, कारण जॅकेट बनियनवर घालायचं नसतं. दुकानातल्या पोरानं चारदोन जॅकेटं काढली आणि म्हणाला, "काका, आरसा तिकडं आहे." मी म्हटलं, आरसा राहू दे, मला जमिनीवर बसायला जागा दे. त्यानं इकडंतिकडं बघितलं. मी भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसलो. पाठीमागं कयाकच्या पाठटेकाइतक्या उंचीचं एक खोकं लावून घेतलं आणि छत्रीची गळकाठी केली. लोक थांबून बघत होते. बघू देत, ट्रायल रूममध्ये लाजलेला माणूस घरी जाऊन पस्तावतो.

घालायची रीत अशी. आधी सगळे बंद पूर्ण सैल करायचे. जॅकेट घालून चेन लावायची. मग आवळायला खालून सुरुवात करायची: कंबर, मग बरगड्या, शेवटी खांदे. बहुतेकजण खांद्यापासून आवळतात आणि जॅकेट वर चढवून बसतात. आवळल्यावर खोल श्वास घेऊन बघायचा, तो अडता कामा नये. मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्यांचे दोन्ही पट्टे धरून वर ओढायला सांगायचं. पाणी हेच करतं. जॅकेट वर जाऊ बघतं, माणूस खाली. ओढल्यावर पट्टे कानाशी आले की ते जॅकेट परत ठेवून द्यावं. त्या पोराला ओढायला लावलं तेव्हा पहिलं जॅकेट थेट माझ्या नाकापर्यंत आलं. कारण उघड होतं, पोट. कंबरेचा बंद पोटाच्या उतारावर बसतो आणि पहिल्या ओढीला वर घसरतो. सडपातळ माणसाला ही अडचण नसते. पोटवाल्यानं बंद पोटाच्या वर, बरगड्यांच्या खालच्या कडेला घट्ट बसतो का ते बघावं, नाहीतर पायांमधून जाणारा जादा पट्टा असलेलं जॅकेट घ्यावं. दिसायला तो लंगोटासारखा दिसतो, पण जॅकेट जागेवर ठेवतो.

मग मुंढा. कयाकवर हात शंभरदा पुढं जातो आणि गळ फेकताना खांद्यावरून मागं जातो. मी छत्री मागं नेऊन फेकल्यासारखी केली, वल्हं मारल्यासारखे हात फिरवले. एका जॅकेटची कड काखेच्या पुढच्या मऊ कातडीला लागत होती. दुकानात दोन मिनिटांत ती नुसती जाणवली, धरणावर दोन तासांत सोलून काढली असती. अंगठा कडेवरून फिरवला की कळतं, शिलाईची दुमड आत ठेवली आहे की बाहेर. चांगल्या जॅकेटाची कड मऊ पट्टीनं बांधलेली असते आणि मुंढा खांद्याच्या टोकापासून आत घेतलेला असतो. खांद्यावर फोम नसावा, नुसता पट्टा असावा, तोही लांबी कमीजास्त करता येणारा.

पाठीचा भाग लोक बघतच नाहीत. कयाकच्या बैठकीला पाठटेका असतो. जॅकेटचा मागचा फोम कमरेपर्यंत आला की तो पाठ आणि टेका यांच्यात अडकतो आणि माणूस दिवसभर पुढं ढकलल्यासारखा बसतो. म्हणून मासेमारीच्या जॅकेटांत मागचा फोम वर, खवाट्याच्या पातळीला ठेवतात आणि खाली नुसती जाळी असते. जाळीतून वाराही लागतो. खोकं टेकवून बसलो होतो ते याच्यासाठी. पुढच्या पाट्यांचंही तसंच: एक अखंड पाटी नको, छोटे छोटे तुकडे शिवलेले हवेत, म्हणजे वाकताना ते बिजागरीसारखे दुमडतात.

हवेच्या जॅकेटाचाही विचार केला. गळ्यात दोन पट्ट्यांसारखं पडून असतं, दोरी ओढली की आतली कार्बन डायऑक्साइडची नळी फुटून फुगतं. काही तर पाण्यात पडल्यावर आपोआप फुगतात. दीडशे न्यूटनच्या जॅकेटात बहुधा तेहतीस ग्रॅमची नळी असते. आमच्या उन्हाळ्यात याहून सुखाचं दुसरं नाही आणि फुगल्यावर ताकदही तिप्पट. पण माझ्या हातात दिवसभर गळ असतात. मासा काढताना एखादा गळ त्या पिशवीत रुतला तर कळणारही नाही. शिंगाळ्याचा काटा आहे, काठाला बाभळी आहेत. एकदा फुगलं की नवी नळी लागते, ती मूर्तिजापुरात कुठं मिळणार? आणि ते नियमानं उघडून तपासावं लागतं, नळी घट्ट आहे का, पिशवी हवा धरते का. फोमला काही विचारावं लागत नाही. मी फोमचंच घेतलं. पिवळं घेतलं, मासेमारीवाल्यांना हिरवी-मातकट जॅकेटं आवडतात, पण शोधणाऱ्याला लांबून दिसावं असा तो कपडा आहे. किंमत एका सफारीच्या शिलाईहून बरीच जास्त निघाली. होडी फुकट मिळाली होती, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

दुकानातली ट्रायल अर्धी. उरलेली पाण्यात. उमा धरणाच्या काठाशी छातीभर पाण्यात मी कपड्यांसकट उतरलो. ट्यूबवाले जाळी बाजूला ठेवून बघायला आले. "गादी बांधून आंघोळ करून रायले का मास्तर?" एकानं विचारलं. पाय उचलले, मान मागं टाकली. जॅकेट बोटभर वर आलं आणि थांबलं, हनुवटी पाण्याबाहेर मोकळी राहिली. एवढंच बघायचं होतं. मग कयाकवर परत चढायचा सराव. कडेला दोन्ही हात टेकवून, पाय मागं मारत, आधी पोटावर आडवं पडायचं आणि मग वळून बसायचं. इथं एक गोष्ट ध्यानात आली जी कुठल्या आरशात दिसली नसती. छातीवरच्या खिशांत मी पक्कड, डबी, चष्म्याचं घर असं कोंबलं होतं. पोटावर सरकताना तो सगळा गठ्ठा होडीच्या कडेला अडला. तेव्हापासून खिशात चपट्या वस्तू तेवढ्या. शिट्टी बांधलेली आहे आणि दोरे कापायची माझी छोटी कात्री आहे, नायलॉनचा तांगूस हातापायात गुंतला तर कापायला. बंदांची लोंबती टोकं आत खोचून ठेवतो. लोंबतं टोक आणि गळ यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

उन्हाचं काय? वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कुठलंच जॅकेट सुखाचं नाही, आणि मी त्या दिवसांत दुपारी उतरतही नाही. एरवी पहाटे किंवा उन्हं कलल्यावर. निघताना जॅकेट पाण्यात बुचकळून घ्यायचं. वाळता वाळता ते अंग थंड ठेवतं. आतला शर्ट पूर्ण बाह्यांचा, गळा बंद. कापसाच्या मुलखातल्या शिंप्यानं सांगू नये, पण तो निव्वळ सुती नसावा. ओला सुती शर्ट अंगाला चिकटून जॅकेटखाली घासतो. पातळ टेरिकॉट लवकर वाळतं. गरम झालं तर काठाला येऊन जॅकेट काढावं, पाण्यावर असताना चेन उघडून बसू नये. उघड्या चेनचं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाच्या दोन्ही काखांतून वर निघून जातं.

घरी आणलं की साध्या पाण्यानं धुवायचं आणि सावलीत टांगायचं. उन्हानं कापडाचा आणि दोऱ्याचा जीव जातो. त्यावर बसायचं नाही, वर सामान रचायचं नाही, दाबून दाबून फोमही बसतो. दुकानात उंदीर आहेत, म्हणून ते माझ्या शेरवान्यांच्या कपाटात असतं. गिऱ्हाईक कपाट उघडलेलं बघतं आणि विचारतं, हे कोणत्या नवरदेवाचं?

आता संस्थेतली पोरं दुकानात येतात. टेबलावर पाय पसरून बसवतो, छातीचा घेर घेतो, बसल्या अंगाची खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी घेतो, चिठ्ठीवर लिहून देतो. कुणी ऑनलाइन मागवतं, कुणी नागपूरला जाणाऱ्याकडं देतं. गळ आणि तरंगतं जाळं लावणाऱ्यांची सोय त्यात होऊन जाते. काकांची होत नाही. ते फेकजाळं टाकतात. जाळ्याचा एक पदर खांद्यावर, एक कोपरावर, एक दातांत, आणि कमरेपासून वळून दोन्ही हातांनी ते गोल उघडत फेकायचं. माझं जॅकेट घालून त्यांनी दोनदा फेकलं. पहिल्यांदा जाळ्याचे मणी बकलात अडकले, दुसऱ्यांदा जाळं अर्धंच उघडलं. "जाकीट त चांगलं हाय मास्तर," ते म्हणाले, "पन हे गळवाल्याचं हाय. माह्यासाठी नाई शिवलं कोनं." जाता-येताना ते घालतात, जाळं फेकायच्या जागी आले की काढून ट्यूबला बांधतात. मी त्यांना उपदेश करत नाही, कारण त्यांचं म्हणणं मापाला धरून आहे. त्यांच्या जॅकेटाला छातीवर बकल नको, चेन झाकलेली हवी, उजवा खांदा सपाट हवा, वळताना बरगड्यांवर फोम नको आणि सगळं मिळून आकडा पन्नासच्या खाली जायला नको. फोमची परीक्षा घ्यायची सोय असलेल्या एखाद्या कारखानदारानं हे मनावर घेतलं तर मापं माझ्याकडं लिहून तयार आहेत, बसल्या माणसाची, डाव्या-उजव्या खांद्यासकट.